वयाचं की दुखण्याचं

बुद्धपौर्णिमेची खीर वाट्यांच्या तळाला गेली तेव्हा देवानंदकाकांनी घसा खाकरला. आता गाडी फलाटाला लागणार हे सगळ्यांनी ओळखलं. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून उभी हयात गेलेला माणूस. निवृत्त झाला तरी घरातल्या घरात बोलतानाही स्टँडवरचा माइक तोंडापुढं धरल्यासारखाच बोलायचा.

"तं मंडळी, विषय सर्व्यायले मालूम हाय. किसनदादा गेल्यापासून ललितावयनी चांदूर बाजारच्या नर्सरीत राह्यते. सोबतीले मोठ्या वयनी. दोघी बुढ्या. एकीचा पाय घसटते, दुसरीले बराबर दिसत नाई..."

"दुसरीले भल्लं दिसते," मोठ्या वयनी, म्हणजे वच्छलाबाई, म्हणाल्या. "तुमी खिरीतले काजू येचून येचून खाल्ले, थेही दिसलं मले."

"म्हून अश्विनचं म्हणणं असं हाय," काजूवरून गाडी तशीच पुढं काढत काका म्हणाले, "का आईले अकोल्याले न्याव. आता वय झालं. नर्सरी कोनाले तरी चालवायले देऊ. आज सगळे एका ठिकाणी हाय, तं आजच ठरवून टाकू."

सगळे म्हणजे पाच जण. अमरावतीला ललिताच्या लेकीच्या, ज्योत्स्नाच्या घरी सकाळची वंदना झाली होती, जेवणं झाली होती, आणि बाहेर मे महिन्याचं ऊन असं पेटलं होतं की गल्लीत ऑटोचासुद्धा आवाज नव्हता. ललिता कूलरच्या अगदी तोंडाशी खुर्ची टाकून बसली होती. तिला जायचं नव्हतं. अकोल्याला मुलाचा संत्र्याचा गाळा होता, तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट होता, सून प्रणाली चांगली होती, नातवंडं जीव लावत होती, सगळं खरं. पण तिथं माती नव्हती. लग्न होऊन आली तेव्हापासून ती जंबेरी लिंबाच्या रोपांवर संत्र्याची कलमं बांधत आली होती आणि त्या कामाशिवाय आपण कोण, हे तिला ठाऊक नव्हतं.

"मले जायाचं नाई," ती म्हणाली.

"आई, गेल्या महिन्यात तू पडली," अश्विन म्हणाला. "वाफ्यात पडली म्हणून वाचली. आता वय झालं तुझं, हे मान की."

"साठी उलटली, खरं हाय. पडली, थेही खरं हाय. पण एकामुळं दुसरं झालं हे कशावरून?"

"झाली सुरू वयनीची चौकशी!" काकांनी कपाळाला हात लावला.

ललिताचा हा नाद जुना होता. नर्सरीत कोणी नवीन खत आणलं, नवीन औषध आणलं, की ती सगळ्या वाफ्याला घालायची नाही. एक ओळ तशीच ठेवायची. महिनाभरानं दोन्ही ओळींसमोर उकिडवं बसून बघायची, फरक खताचा की पावसाचा. किसनराव हयात होते तेव्हा अश्विनला म्हणायचे, खत विकणारे पोट्टे आपल्या फाटकावरूनच परत जातात, तुही आई लय जीव खाते त्यायचा. त्या एका ओळीचं नुकसान त्यांनी मात्र कधी बोलून दाखवलं नाही.

"काका, थांबा," ज्योत्स्ना उठली. ती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची आणि समजावून सांगायची वेळ आली की तिचा आवाज आपोआप वर्गातला व्हायचा. "आईला घेऊन मी मेंदूच्या डॉक्टरकडे गेले होते. एमआरआय झाला. हे नुसतं वय नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस आहे."

"थे काय राह्यते?"

"विजेच्या वायरीवर प्लास्टिक असते ना? तसं नसांवरही एक आवरण असते. आपल्या अंगातल्या ज्या पेशी बाहेरच्या रोगाशी लढतात, त्याच चुकून त्या आवरणावर तुटून पडतात. आवरण सोललं की मेंदूचा निरोप पायापर्यंत बराबर पोहोचत नाही."

"म्हणजे शॉर्टसर्किट."

"तसंच समजा."

काकांना विजेचं पटलं, पण लगेच सुटतील तर ते काका कसले. "हा जवानीतला रोग हाय म्हणे. आमच्या डेपोतल्या एका कंडक्टरच्या पोरीले झाला होता, पंचविशीची होती. साठीनंतर कुठून येते? साठीनंतर जे येते थे वयच असते."

"मीही हेच विचारलं डॉक्टरले," ललिता खुर्चीतच पुढं सरकली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून ज्योत्स्नाला परवाचा दवाखाना आठवला. एवढ्या मोठ्या दुखण्याचं नाव ऐकून ती स्वतः मुलगी असून रडवेली झाली होती आणि आई मात्र नवीन वाण बघितल्यासारखी डॉक्टरांच्या टेबलावर वाकली होती. "मी म्हणलं, सायब, वयानं हे दुखणं आणलं, का दुखण्यानं मले वय आणलं? तं त्यायनं पेन खाली ठेवला. म्हणे, मावशी, ह्याच प्रश्नाच्या मागं दुनियाभरातले लोक लागले हाय."

"मंग? काय सांगतलं?"

"त्यायनं सांगतलं, का वय वाढलं का सर्व्यायच्याच अंगात थोडी थोडी सूज राह्यते. दिसत नाई, दुखत नाई. राखेखाली इस्तव राह्यते तशी. तुमच्यातही असन, बाईतही असन."

"माह्यात?" वच्छलाबाई दचकल्या आणि त्यांनी स्वतःचे हात उलटेपालटे करून पाहिले.

"हाव. तं ज्याले हे दुखणं नाई, त्याचं त्यानं काही बिघडत नाई. पण ज्याले हाय, त्याच्या नसाजवळ हा इस्तव बसला, का थो हळूहळू खात राह्यते. जवानीत दुखणं झटका देते अन् जाते. बुढेपणी झटका नाई देत, नुसतं घसरत नेते. अन् नसायची दुरुस्तीही मंदावते."

"म्हणजे वयही आहे न् दुखणंही आहे," अश्विन पटकन म्हणाला. "मग मी काय वेगळं सांगतो?"

"वय किती अन् दुखणं किती, थे पाह्याव लागन ना बावा. एका फांदीले वाळवी लागली म्हणून सगळ्या झाडाले कुऱ्हाड घालायची का?"

"अजून एक," ज्योत्स्ना म्हणाली. "डॉक्टरांच्या मते हे आजचं नसावं. माझ्या वेळच्या बाळंतपणात आईचे दोन्ही पाय बधिर झाले होते. आठवते मोठीमाय?"

वच्छलाबाईंना कसं आठवणार नाही? ललिताचं बाळंतपण त्यांनीच केलं होतं. बाळंतीण खाटेवरून उतरायची तर पाय जमिनीला लागले की नाही ते तिला कळायचं नाही. सगळे म्हणाले वात धरला. उन्हाळ्याच्या आत आपोआप गेलं, आणि गेलं म्हणून सगळे विसरले.

"तोच बहुतेक पहिला झटका होता," ज्योत्स्ना म्हणाली. "आणि काका, हे घराण्यात असंच उतरतं असं नाही. पण सख्ख्या नात्यात धोका बाकीच्यांपेक्षा थोडा जास्त असतो. थोडाच. बहुतेक लेकरांना काहीच होत नाही."

अश्विन उठला आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला. त्याच्या खुर्चीजवळच्या स्टुलावर पाण्यानं भरलेला गिलास तसाच होता. वच्छलाबाईंच्या तो नजरेला पडला, पण त्यांचा जीव दुसरीकडंच अडकला होता.

त्यांचं दुःख वेगळं होतं. सकाळी त्या घरात आल्या आल्या ज्योत्स्नानं सांगितलं होतं की आईला आता कढत पाण्याचा शेक द्यायचा नाही. बस, एवढंच सांगितलं आणि पोळ्या लाटायला लागली. तेव्हापासून वच्छलाबाईंच्या डोक्यात तेच घोळत होतं. ललिताचा पाय घसटायला लागला त्या दिवसापासून त्यांनी रोज बांधावरचा निरगुडीचा पाला तोडून आणला, हंडाभर पाण्यात उकळला आणि जावेला त्या कढत पाण्यानं न्हाऊ घातलं. सत्तरीतली बाई, धुरानं डोळे चोळत चुलीपुढं बसायची. आंघोळ झाली की ललिता लोळागोळा होऊन पडायची, तासभर तिला पाय उचलवायचा नाही. वच्छलाबाई समाधानानं तिच्या अंगावर चादर टाकायच्या. वात अंगातून निघतो तेव्हा माणूस असाच गळतो, हे त्यांना त्यांच्या सासूनं सांगितलं होतं. जितकी जास्त गळेल तितका गुण जास्त. म्हणून त्या पाणी आणखी कढत करायच्या.

"मले एक सांग ज्योत्स्ना," शेवटी त्या बोलल्याच. "तुह्या डॉक्टरले निरगुडीचं काय वाकडं हाय?"

"मोठीमाय, निरगुडीचं नाही. गरमीचं आहे."

"गरमीनं वात जाते! माह्या सासूनं..."

"बाई," ललितानं मधेच हाक मारली. आवाज हळू होता. "तुमी मार्च महिन्यात पोरीकडं चिखलदऱ्याले गेल्या होत्या, नाई का? तवा माही आंघोळ मीच करे. नर्सरीतल्या टाकीच्या पाण्यानं, थंड्या."

"मले मालूम हाय. म्हून तं मले तठी चैन नोती पडत."

"थ्या दिवसायत माहा पाय नाई घसटला."

वच्छलाबाई तिच्या पायाकडं बघायला लागल्या.

"मले आधी वाटलं, असाच योग हाय. तुमी परत आल्या, शेक सुरू झाला, अन् पाय परत घसटाले लागला. मी काही बोलली नाई. एक ओळ पाहून कोनाले सांगाव? म्हणलं, अजून एकदा पाहू." ललितानं नजर वर केली. "बाई, तुमी आत्ता मले शेक द्या. सर्व्यायच्या समोर."

"आई!" ज्योत्स्ना ओरडली. "डॉक्टरांनी नाही म्हटलंय."

"त्यायनं हेही सांगतलं ना, का गरमीनं नवीन नुकसान होत नाई? थंड झालं का उतरते. फक्त पडू नाई. तू धरजो मले. भाऊजी इकडून धरतीन."

नको, हो, कशाला, असं बराच वेळ चाललं. काकांना मात्र या प्रकरणात आता फार गंमत वाटायला लागली होती. त्यांनी स्वतः उठून हॉलमधली टीपॉय सरकवली आणि कूलरपासून दरवाजापर्यंत रस्ता मोकळा केला. अश्विन स्वयंपाकघराच्या दारात टेकून उभा होता.

आधी ललिता गार अंगानं चालली. कूलरपासून दरवाजा, दरवाजापासून कूलर. उजवा पाय किंचित मागं राहत होता, पण उचलला जात होता. ज्योत्स्नानं अंगणातल्या लिंबाची एक काडी आणून दिली. ललितानं खुर्चीत बसून चाकूनं साल चिरली आणि कलमाला बांधतात तशी प्लास्टिकच्या पिशवीची पट्टी गुंडाळून घट्ट गाठ मारली. बोटं चालत होती.

मग कूलर बंद केला. वच्छलाबाईंनी गॅसवर पाणी तापवलं, घमेल्यात ओतलं, हात घालून पाहिलं. रोजच्यापेक्षा त्यांनी ते जरा कोमट ठेवलं हे त्यांच्याशिवाय कोणाला कळलं नाही. ललिताचे पाय त्यात सोडले, मांड्यांवर, पाठीवर पिळलेले गरम पंचे टाकले. मेच्या दुपारी बंद खोलीत सगळ्यांनाच घामाच्या धारा लागल्या. काकांनी बनियन पोटावर वर सरकवलं आणि म्हणाले, "वात माह्याच अंगातून निघून राह्यला वाटते."

कोणी हसलं नाही. कारण ललिता उठायला गेली आणि उठू शकली नाही. दोन्हीकडून धरून उभी केली तेव्हा उजवा पाय फरशीवरून ओला पंचा ओढल्यासारखा ओढला गेला. दरवाजापर्यंत ती पोचलीच नाही. परत बसवून ज्योत्स्नानं तिच्या हातात काडी दिली, तर पट्टी बोटांतून सुटून सुटून पडायला लागली. ललिता स्वतःच्या बोटांकडं बघत होती. भीती नव्हती तिच्या डोळ्यांत. तिला बरं वाटत होतं, इतकं की तिला स्वतःलाच त्याचं नवल वाटलं. वर्षभर सगळ्यांनी ज्याला म्हातारपण म्हणून हात जोडले, ते समोर घमेल्यात वाफाळत होतं.

"कूलर लावा," ती म्हणाली. "आता गंमत पाहा."

कूलरची हवा, गार पंचे, माठातलं पाणी. काकांनी दोनदा घड्याळ पाहिलं. चहा होऊन कप विसळले जाईपर्यंत ललिता आपली आपण उठली, दरवाजापर्यंत गेली आणि दरवाजाला हात लावून परत आली.

"अरे बाप्पा!" काका टाळी वाजवत म्हणाले. "वयनी, हे तं बटन निघालं! चालू, बंद, चालू!"

वच्छलाबाई मात्र घमेल्याजवळ खालीच बसून राहिल्या होत्या. पदराचं टोक त्यांनी तोंडात धरलं होतं. "म्हंजे मीच तुले रोज पाडत होती," त्या म्हणाल्या. "मी. माह्या हातानं."

"नाई बाई."

"नाई कशी? आता पाह्यलं ना सर्व्यायनं. तू गळून पडे अन् मले आनंद होये. मी अजून लाकडं घालो चुलीत."

ललिता त्यांच्याजवळ खाली बसायला गेली, ते काही जमलं नाही, तेव्हा खुर्ची ओढून अगदी लागून बसली. "दुखणं तुमी नाई दिलं मले. थे माह्या अंगातलं हाय, ज्योत्स्नाच्या जन्मापासूनचं. शेकानं थे फक्त वर दिसे. तुमी नसत्या, रोज हंडा तापवला नसता, तं मले हे समजलंच नसतं. डॉक्टर म्हणे, पह्यले असाच कढत पाण्यात बसवून हा रोग ओळखत. म्हंजे तुमी वर्षभर माही तपासणीच केली."

"थट्टा नोको करू."

"देवाशपथ... आता देव कुठून आणू मी. खरंच सांगतो."

वच्छलाबाई रडत रडत हसल्या आणि त्यांनी नाक पुसलं. मग एकदम काकांकडं वळून म्हणाल्या, "हे कुठी जात नाई अकोल्याले. मी सकाळी थंड्या पाण्यानं हिची आंघोळ करन. नर्सरीत शेडनेट हाय, थ्याच्याखाली कूलर लावू. ऊन चढाच्या आत कलमं बांधन, मंग झोपन. ठरलं."

"माहंही मत बदललं," काका म्हणाले. "वय असतं तं असं चालू-बंद झालं नसतं. वय कुठी चालू-बंद होते? मले इचारा. वयनी नर्सरीतच राहू दे. औषधाचं काय थे डॉक्टर ठरवतीन."

"जोरदार औषधांचा या वयात फायदा कमी अन् इन्फेक्शनची भीती जास्त, असं म्हणाले ते," ज्योत्स्नानं सांगितलं. "गेलेलं परत येईल याची हमी नाही. पण व्यायाम, थंडावा, वेळच्या वेळी तपासणी, एवढं तर करता येते."

म्हणजे ललिता जिंकली होती. आता फक्त एकटा अश्विन उरला होता, आणि तो स्वयंपाकघराच्या दारातून हलला नव्हता.

"यानं काय सिद्ध झालं?" तो म्हणाला. आवाज उगीचच मोठा होता. "गरमीत सगळ्यांचेच पाय जड पडतात. माझेही पडतात. वय आहे ते. साधं वय आहे. तुम्ही सगळे मिळून उगाच त्याला मोठ्या रोगाचं नाव देऊन राहिले."

"एमआरआय खोटा आहे का दादा?" ज्योत्स्नानं विचारलं.

"डॉक्टरांना पेशंट पाहिजे असतात!"

"आता तूच एकटा काहून अडून बसला बे?" काका वैतागले. "मार्चात केशवरावाची गाडी परत केली तसा! मले त्यायचा फोन आला होता, वयनी. अख्खी गाडी संत्रा अकोल्याच्या मार्केटले गेली, अन् ह्या पठ्ठ्यानं बोली लावली नाई. म्हणे, माल फिका हाय. बाजूच्या गाळेवाल्यानं हसत हसत घेतला अन् चांगल्या भावानं इकला. केशवराव म्हणे, तुमच्या पुतण्याले संत्रा दिसत नाई का?"

ललिता मुलाकडं बघायला लागली. केशवरावाची बाग तिच्याच हातच्या कलमांची होती. त्या झाडांचा मृग बहाराचा माल कसा असतो हे तिला डोळे मिटूनसुद्धा सांगता आलं असतं. आणि अश्विन लहानपणापासून संत्र्याच्या ढिगात वाढलेला. फळ हातात न घेता, नुसत्या रंगावरून गोडी सांगायचा, आणि त्यावर तर त्याचा धंदा उभा होता.

"फिका होता माल?" तिनं विचारलं.

"जाऊ दे ना आई. एखाद्या वेळी होते."

"कसा फिका? हिरवट का पिवळट?"

"आई..."

"सांग ना. मी इचारून राह्यली फक्त."

"धुतल्यासारखा," अश्विन म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर त्यानं ओठ दाबले.

डॉक्टरांनी परवा ललिताला एका बाटलीचं लाल झाकण दाखवलं होतं. एक डोळा झाका, आता दुसरा झाका, दोन्हींनी सारखंच लाल दिसतं का? तिला तेव्हा ही मोठी मजेची तपासणी वाटली होती आणि तिनं त्याचं कारणही विचारून घेतलं होतं. डोळ्याच्या नसेचं आवरण गेलं की सगळ्यात आधी लाल रंग मरतो. आता तिला मजा वाटली नाही. सकाळी ज्योत्स्नानं खिडकीला पंचशील ध्वज बांधला होता. ललितानं तिकडं बोट केलं.

"अश्विन, थ्यातल्या लाल पट्ट्याकडं पाय. डावा डोळा झाक."

"काहीतरीच काय."

"झाक म्हणते ना मी."

अश्विननं डावा डोळा झाकला. "दिसते ना. लाल."

"आता उजवा झाक."

त्यानं उजवा झाकला. बराच वेळ झाकून राहिला. काकांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर वच्छलाबाईंनी त्यांच्या दंडाला धरून त्यांना गप्प केलं.

"कसा हाय?"

"तसाच."

"तसाच कसा?"

"त्या संत्र्यासारखाच, धुतलेला," तो म्हणाला आणि भिंतीला पाठ घासत खाली बसला. मग सगळं भसाभसा बाहेर आलं. जानेवारीत डाव्या डोळ्यानं एकदम धूसर दिसायला लागलं होतं. बुबुळ हलवलं की आत ठणकायचं. प्रणालीला तो म्हणाला, चष्म्याचा नंबर वाढला. होळीपर्यंत आपोआप बरं झालं, रंग तेवढे परत आले नाहीत. मग ज्योत्स्नाचा फोन आला की आईला हे-हे असावं असं डॉक्टरांना वाटतं, आणि त्यानं मोबाइलवर त्या नावाखालचं वाचत वाचत डोळ्याच्या गोष्टीपर्यंत पोचून मोबाइल उलटा ठेवून दिला होता. "म्हून मले वाटे, आई, तुले वयच असाव," तो म्हणाला. बाजारात, लोकांत तो नेहमी पुस्तकातलं बोलायचा. आता ते सगळं गळून पडलं होतं. "तुले वय असतं, तं माह्यापाशी काही आलं नसतं. मले लय भेव वाटते आई. लेकरं लहान हाय माहे."

ज्योत्स्नानं त्याच्याजवळ बसून त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "दादा, हे तेच असेल असं नाही. डोळ्याची अशी सूज एकटीही येते आणि जाते. आणि असलं तरी तुझ्या वयात औषध लवकर सुरू केलं तर पुष्कळ फायदा होतो. आईच्या वेळी कोणाला काही माहीतच नव्हतं."

"मी जाईन डॉक्टरकडं. पुढच्या महिन्यात. आंबिया बहाराचे सौदे झाले का."

"तू नाई जात," ललिता म्हणाली.

"जाईन म्हणतो ना."

"बाळंतपणानंतर माहे पाय बरे झाले, तवा मीही म्हणलं होतं, जाऊन येईन एकदा अमरावतीले, दाखवून येईन. मंग कलमायचा हंगाम आला." ती खुर्चीचे हात धरून उभी राहिली. "बाई, नर्सरीवर गेल्या का माहे लुगडे अन् औषधाचा डबा थैलीत भरून पाठवा. मी आज अश्विनसंगं अकोल्याले जातो."

वच्छलाबाई उठून उभ्याच राहिल्या. "अवं, आत्ता तं ठरलं ना! नाई जायाचं म्हणून घमेल्यात पाय घालून बसली तू!"

"हाव."

"मंग कलमं?"

"तुमी पाणी देजा. बाकीचं राह्यलं तं राह्यलं. याचा एमआरआय होईस्तोवर मी याच्या घरातून हालत नाई. प्रणालीले मी सांगतो काय झालं थे." हे बोलताना तिला रडू आलं आणि तिनं ते लपवलं नाही. वाफ्यातली या सालची रोपं तिला डोळ्यासमोर दिसत होती, बांधायला आलेली. अश्विन खाली मान घालून बसला होता, आणि नको म्हणायचं त्याच्या जिवावर आलं होतं. त्याला ती यायला हवी होती.

"तिसऱ्या मजल्यावर कूलर हाय का नाई?" काकांनी हळूच विचारलं.

"एसी हाय," अश्विन म्हणाला.

"मंग वयनी तठी पळतीन."

ज्योत्स्नानं डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन लावला. सुट्टीचा दिवस, पण नंबर लावणारी मुलगी घरूनच फोन घ्यायची. ज्योत्स्नानं अकोल्याहून एक पेशंट आणायचाय एवढं सांगितलं, आणि ललितानं तिच्या हातातून फोन घेऊन मुलाच्या कानाला लावला.

"पेशंटचं नाव?" पलीकडचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

"अश्विन किसनराव तायडे."

"वय?"

अश्विननं आईकडं पाहिलं. ती त्याच्याकडंच बघत होती.

"अडतीस," तो म्हणाला.